आकाशातील कसरती आणि जमिनीवरचा माणूस

१२ ते १४ जानेवारी २०२४ असे तीन दिवस मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर भारतीय हवाई दलाने आपले कौशल्य नागरिकांसमोर मांडले. ‘सूर्यकिरण’ पथकाची विमाने, ‘सारंग’ पथकाची हेलिकॉप्टरे आणि ‘आकाशगंगा’ चमूचे हवाई छत्र्यांतून उतरणारे जवान पाहण्यासाठी समुद्रकाठ माणसांनी फुलून गेला होता. त्याच सुमारास, पन्नासएक किलोमीटरवरच्या भिवंडीत, गच्च्यांवर आणि पत्र्यांवर चढलेल्या मुलांचे डोळेही आकाशाकडेच लागलेले होते. कारण १५ जानेवारीला संक्रांत होती आणि पतंगांचे पेच आदल्या आठवड्यापासूनच सुरू झाले होते. आकाशातील खेळाचे वेड माणसाला उपजतच असते. त्यासाठी कोणी प्रचार करावा लागत नाही, की कोणी आमंत्रण द्यावे लागत नाही.

तरीही, भिवंडीच्या शिक्षकाला अथवा कारकुनाला मरीन ड्राइव्हवरील प्रदर्शन पाहावयाचे असेल, तर ते सहजसाध्य नव्हते. भिवंडी रोड हे स्थानक वसई–दिवा मार्गावर आहे. मुंबईच्या लोकलमध्ये भिवंडीला बसता येत नाही. एसटीने किंवा शेअर रिक्षाने ठाणे अथवा कल्याण गाठावे, तेथून लोकलने मुंबईत उतरावे आणि मग गर्दीतून वाट काढीत समुद्रापर्यंत चालावे, एवढा प्रवास मुलाबाळांसह करणाऱ्या माणसाची हौस अस्सल असते यात शंका नाही. प्रश्न असा आहे की, इतके कष्ट घेऊन गेलेला हा प्रेक्षक परत येताना बरोबर काय आणतो? अवघडलेली मान, मोबाइलमधील चार अस्पष्ट छायाचित्रे आणि ‘भारी होते’ एवढे दोन शब्द! यापलीकडे त्याच्या हाती काही लागावे अशी व्यवस्था कोणीच केलेली नसते. आणि या प्रेक्षकाकडून कसली अपेक्षाही केली जात नाही. त्याने यावे, माना वर कराव्यात, टाळ्या वाजवाव्यात आणि जावे, एवढीच.

ही उपेक्षा दोन अंगांनी तपासून पाहण्याजोगी आहे. एक अंग ज्ञानाचे: आकाशात नेमके काय चालले आहे हे पाहणाऱ्याला कळावे काय? दुसरे अंग जबाबदारीचे: तो खेळ ज्यांच्या डोक्यावर चालतो, त्यांची काळजी कोणी घ्यावी? वरवर पाहता या दोन स्वतंत्र गोष्टी वाटतात. वस्तुतः त्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत, आणि हवाई कसरतींच्या स्पर्धेचे शास्त्र समजून घेतले म्हणजे हा गुंता स्पष्ट दिसू लागतो.

प्रदर्शन आणि स्पर्धा

विमानाने हवेत उभे वर्तुळ घेण्याचा पराक्रम १९१३ च्या सप्टेंबरमध्ये रशियाच्या लष्करातील वैमानिक प्योत्र नेस्तेरोव याने कीव्ह येथे केला. त्याबद्दल त्याला प्रथम मिळाले ते पारितोषिक नव्हे. सरकारी मालमत्ता धोक्यात घातली म्हणून त्याला अटकेची शिक्षा झाली, आणि बढती मिळाली ती नंतर. त्याच महिन्यात फ्रान्सचा आडोल्फ पेगू याने उलटे उड्डाण करून दाखविले. पहिल्या महायुद्धात या करामतींना लढाईतील डावपेचांचे मोल आले. युद्ध संपल्यावर त्याच करामती जत्रेतील आकर्षण बनल्या. पोट भरण्यासाठी गावोगाव विमान घेऊन फिरणारे वैमानिक युरोप-अमेरिकेत त्या काळी पुष्कळ होते. प्रेक्षकाला दिपवणे हाच त्यांचा व्यवसाय होता.

तथापि, दिपवणे वेगळे आणि अचूक करणे वेगळे. या दुसऱ्या गोष्टीतून स्पर्धा जन्माला आली. आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाच्या विद्यमाने हवाई कसरतींची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९६० मध्ये तत्कालीन चेकोस्लोव्हाकियातील ब्रातिस्लाव्हा येथे झाली आणि यजमान देशाचाच लादिस्लाव बेझाक विजेता ठरला. मात्र अशा स्पर्धांत एक मूलभूत अडचण होती. एका वैमानिकाने केलेली कसरत दुसऱ्याच्या कसरतीशी ताडून पाहावयाची कशी? ती अडचण स्पेनच्या होसे लुईस आरेस्ती या वैमानिकाने दूर केली. त्याने प्रत्येक कसरतीसाठी एक चिन्ह ठरविले आणि तिच्या अवघडपणानुसार तिला एक अंक दिला. संगीतात जे स्थान स्वरलिपीचे, तेच या खेळात आरेस्तीच्या चिन्हलिपीचे. आज जगातील कोणताही स्पर्धक वैमानिक या चिन्हांचा कागद समोरच्या तक्त्यावर चिकटवूनच विमानात बसतो.

स्पर्धेचे रिंगणही आखलेले असते. लांबी एक हजार मीटर, रुंदी एक हजार मीटर, उंचीही तितकीच. आकाशात कल्पिलेली ही एक चौकोनी पेटी होय. सर्वांत वरच्या श्रेणीतील वैमानिकाला खाली शंभर मीटरपर्यंत येण्याची मुभा असते. खालच्या श्रेणींसाठी ही मर्यादा अधिक उंचावर असते. पेटीबाहेर गेलेल्याचे गुण कापले जातात आणि मर्यादेखाली आलेल्याला जबर दंड होतो. एका वेळी पेटीत एकच विमान असते. आरंभी व अखेरीस वैमानिक पंख तीनदा झुकवून परीक्षकांना इशारा देतो. निवेदकाचा गजर नाही, तिरंगी धूर नाही, नऊ विमानांची चित्तथरारक जवळीक नाही. संगीताच्या आणि धुराच्या साथीने होणारा चार मिनिटांचा मुक्त कार्यक्रम वगळला, तर अनभिज्ञ माणसाला हा सारा प्रकार कंटाळवाणाच वाटण्याचा संभव आहे.

दहातून वजाबाकी

पण शिक्षकाला तो कंटाळवाणा वाटू नये. कारण येथील परीक्षक करतो ते काम उत्तरपत्रिका तपासण्याचेच आहे. प्रत्येक कसरत दहा गुणांनी सुरू होते आणि चुकीगणिक गुण वजा होत जातात. रेषा पाच अंशांनी कलली की अर्धा गुण गेला, दहा अंशांनी कलली की एक गेला. उरलेल्या गुणांना त्या कसरतीच्या अवघडपणाच्या अंकाने गुणावयाचे, म्हणजे तिचे मोल निघते. म्हणून अवघड कसरत ढिसाळपणे करण्यापेक्षा तुलनेने सोपी कसरत निर्दोष करणारा स्पर्धक पुष्कळदा पुढे जातो. धाडसाला येथे वेगळे गुण नाहीत. इतकेच नव्हे, तर परीक्षकांनी दिलेल्या गुणांचीही संख्याशास्त्रीय छाननी होते. आपल्या देशाच्या खेळाडूला झुकते माप देणारा परीक्षक या छाननीत उघडा पडतो. तपासणाऱ्याचीही तपासणी करणारी ही पद्धत आपल्या परीक्षा मंडळांनी अभ्यासावी इतकी उद्बोधक आहे.

प्रेक्षकाने पाहावयाचे ते काय, हे एवढ्यावरून ध्यानात येईल. विमान सरळ वर चढत असेल, तर ती रेषा खरोखर लंबरूप आहे की किंचित कललेली? त्या रेषेवर विमानाने स्वतःभोवती गिरकी घेतली, तर ती रेषेच्या बरोबर मध्यावर आली का? म्हणजेच गिरकीच्या आधीची व नंतरची रेषा सारखी लांब आहे का? गिरकी थांबली ती जेथे थांबावयास हवी होती तेथेच, की थोडी घसरून? आणि वर्तुळ घेतले तर ते खरोखर गोल आहे का?

या शेवटच्या प्रश्नात मोठी मेख आहे. वर्तुळाच्या माथ्यावर विमानाचा वेग मंदावलेला असतो, तळाशी तो अतिशय वाढलेला असतो. दांडा सर्वत्र सारख्याच जोराने ओढला, तर वर्तुळ माथ्यावर आवळले जाते आणि आकृती लांबट होते. म्हणून वैमानिकाला माथ्यावर हात सैल सोडावा लागतो आणि खाली येताना पुन्हा जोर वाढवावा लागतो. त्यातच वारा वाहत असतो. वर्तुळ जमिनीवरून गोल दिसले पाहिजे असा नियम असल्यामुळे वाऱ्याने ढकललेले अंतरही त्याने भरून काढावयाचे असते. हे सर्व करीत असता त्याचे शरीर प्रचंड ताण सोसत असते. या खेळासाठी बनविलेले एक्स्ट्रा ३३० एससी हे विमान गुरुत्वाकर्षणाच्या दहापट ताण दोन्ही दिशांनी सहन करील असे बांधलेले आहे. साठ किलोच्या माणसाला आपले वजन सहाशे किलो झाल्यासारखे वाटावे, असा हा ताण होय. काही वेळाने तोच ताण उलट दिशेने येतो आणि रक्त डोक्याकडे धावते. अशा अवस्थेत आकृती गोल राखणे म्हणजे काय, हे ज्याला कळले, त्याला साधे वर्तुळ पाहूनही आनंद होईल.

आणखी एक गोष्ट प्रेक्षकाने अवश्य पाहावी, आणि ती आकाशात नसून जमिनीवर असते. स्पर्धेच्या काही फेऱ्यांत वैमानिकांना न सरावलेला कसरतक्रम दिला जातो व त्याचा सराव विमानात करण्यास मनाई असते. मग उड्डाणापूर्वी ही मंडळी धावपट्टीच्या कडेला एकटी चालताना दिसतात. डोळे अर्धवट मिटलेले, पंजा विमानासारखा आडवा धरलेला, मध्येच गिरकी, मध्येच वळण. पाहणाऱ्याला तो वेडाचार वाटेल. पण तेथेच खरे उड्डाण पुरे होत असते. मल्लखांबाच्या आखाड्यात वाढलेल्या महाराष्ट्रातील माणसाला हे उमगावयास वेळ लागू नये. मल्लखांबावरही पकड, उडी आणि उतरण यांचा क्रम आधी मनात बसवावा लागतो, आणि जाणकार प्रेक्षक टाळी देतो ती उंचीला नव्हे, सफाईला देतो. गाण्याच्या बैठकीत सम कुठे आली हे ज्या श्रोत्याला कळते त्याची मान आपोआप हलते. ज्याला कळत नाही तो शेजाऱ्याकडे पाहून मान हलवतो. हवाई कसरतींचे बहुसंख्य प्रेक्षक आज या दुसऱ्या वर्गात मोडतात.

टाळीची किंमत

हे अज्ञान निरुपद्रवी असते, तर त्याबद्दल एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु प्रेक्षक ज्याला टाळी देतो ते अधिकाधिक घडू लागते, हा सर्व प्रदर्शनांचा नियम आहे. प्रेक्षकाला जर केवळ विमानाची जवळीक, आवाज आणि भय हवे असेल, तर संयोजकांवरही तेच पुरविण्याचे दडपण येते. या दडपणाचा इतिहास रक्ताने लिहिलेला आहे.

६ सप्टेंबर १९५२ रोजी इंग्लंडमधील फार्नबरो येथे जॉन डेरी याचे विमान हवेतच फुटले. त्याचे भाग गर्दीत कोसळून २९ प्रेक्षक मेले. विमानातील दोघेही गेले. २८ ऑगस्ट १९८८ रोजी जर्मनीतील रामस्टाइन येथे इटलीच्या पथकातील विमाने एकमेकांवर आदळली आणि त्यांतील एक प्रेक्षकांवर येऊन पडले. वैमानिकांसह सत्तर माणसे मृत्युमुखी पडली. २७ जुलै २००२ रोजी युक्रेनमधील ल्वीव्हजवळ एक लढाऊ विमान गर्दीत घुसून ७७ जण ठार झाले. अशा आपत्तींतूनच, विमानाने प्रेक्षकांच्या माथ्यावरून अथवा त्यांच्या रोखाने कसरत करू नये, हे बंधन जगभर दृढ होत गेले.

याहून विचार करावयास लावणारी घटना २२ ऑगस्ट २०१५ रोजी इंग्लंडच्या शोरॅम येथे घडली. हॉकर हंटर जातीचे जुने लढाऊ विमान वर्तुळ पुरे करू शकले नाही. किमान साडेतीन हजार फूट उंची गाठणे आवश्यक असता ते माथ्यावर २,७०० फुटांपर्यंतच पोहोचले होते, असा निष्कर्ष चौकशीत निघाला. विमान कोसळले ते विमानतळाबाहेरच्या हमरस्त्यावर. ११ माणसे गेली, वैमानिक वाचला. त्या अकरांपैकी कोणीही विमानतळाच्या आत तिकीट काढून बसलेला प्रेक्षक नव्हता. हमरस्त्यावरून आपापल्या कामाला निघालेल्यांचा त्यांत भरणा होता. तिकीट काढणाऱ्यांसाठी सुरक्षित अंतर मोजले गेले होते. रस्त्याने जाणाऱ्यांचा हिशेब मात्र तितक्या काटेकोरपणे मांडला गेला नव्हता.

भारतातही याची आठवण देणारा प्रसंग घडून गेला आहे. ३ मार्च २०१० रोजी हैदराबादला बेगमपेट येथील प्रदर्शनात नौदलाच्या ‘सागर पवन’ पथकाचे विमान बोवेनपल्ली भागातील एका इमारतीवर कोसळले. दोन्ही वैमानिक गेले आणि खालची माणसे जखमी झाली. १९ फेब्रुवारी २०१९ रोजी बंगळूरुजवळ येलहंका येथे सरावाच्या वेळी ‘सूर्यकिरण’ची दोन विमाने एकमेकांवर आदळून विंग कमांडर साहिल गांधी यांनी प्राण गमावले. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी दुबईच्या प्रदर्शनात ‘तेजस’ विमान कोसळून विंग कमांडर नमांश स्याल गेले. ‘सदैव सर्वोत्तम’ हे ब्रीद बाळगणाऱ्या ‘सूर्यकिरण’ पथकाची स्थापना १९९६ ची. त्या नावामागे किती कसोटी आहे हे मरीन ड्राइव्हवरील कठड्यावर बसलेल्या माणसाला ठाऊक असावयास हवे. ज्याच्या जिवावर टाळी वाजते, त्याची जोखीम ठाऊक नसताना वाजविलेली टाळी ही दाद नव्हे.

विमान पडले नाही, माणसे मेली

६ ऑक्टोबर २०२४ चा रविवार मात्र या सर्वांहून वेगळा धडा देऊन गेला. हवाई दलाच्या ब्याण्णवाव्या वर्धापनदिनानिमित्त चेन्नईच्या मरिना किनाऱ्यावर प्रदर्शन होते. लाखो लोक आले. सकाळी अकरापासून भर उन्हात कसरती झाल्या. आकाशातील एकही विमान चुकले नाही, एकाही वैमानिकाला खरचटले नाही. आणि तरीही पाच प्रेक्षक त्या दिवशी घरी परतले नाहीत. ऊन, गर्दी, पाण्याची टंचाई आणि कार्यक्रम संपताच रस्त्यांवर व स्थानकांवर उसळलेला लोंढा यांनी शेकडोंचे हाल केले. व्यवस्था पुरेशी होती असा खुलासा शासनाकडून झाला आणि ती अपुरी होती असा आरोप विरोधकांनी केला. तो वाद बाजूला ठेवला, तरी एक वस्तुस्थिती उरतेच. आकाशातील पाच मीटरांचे अंतर चुकू नये म्हणून वर्षानुवर्षे सराव झाला होता. जमिनीवरील माणसाला तासाभराने घोटभर पाणी मिळावे याचा सराव कोणी केला नव्हता.

जो देश पहिले साधू शकतो त्याला दुसरे अशक्य आहे असे म्हणता येणार नाही. उणीव कौशल्याची नाही, महत्त्व देण्याची आहे. गर्दी किती आली हा आकडा आपल्याकडे अभिमानाने सांगितला जातो, जणू गर्दी हीच प्रदर्शनाची कसोटी. स्पर्धेच्या परीक्षकाने असा हिशेब पाहिला, तर तो दहातून पहिला गुण येथेच वजा करील.

यावर कोणी म्हणेल की, मग असली प्रदर्शने बंदच करावीत. इंधन जळते, पैसा जातो, जीव जातात, आणि मिळते काय तर घटकाभर करमणूक. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही, पण तो पुरता खराही नाही. लष्कर जनतेच्या पैशातून उभे राहते आणि त्याचे कौशल्य जनतेने पाहावे यात गैर काही नाही. शिवाय, यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेल्या एखाद्या मुलाने एके दिवशी विमान उलटे उडताना पाहावे आणि ते पडत का नाही हा प्रश्न घेऊन घरी यावे, याचे मोल पैशात होत नाही. बंदीने हा प्रश्नच मुलाच्या डोक्यात येणार नाही. तेव्हा उपाय बंदी हा नसून हिशेब हा आहे: आकाशाचा आणि जमिनीचाही.

भिवंडीच्या माथ्यावरचे आकाश

हा हिशेब भिवंडीला परका वाटू नये. कारण आकाशातील स्पर्धा या शहराच्या माथ्यावर दरवर्षी भरते. पतंगाचा पेच म्हणजे हवाई कसरतच होय. ढील केव्हा द्यावी, खेच केव्हा मारावी, वाऱ्याचा कल कसा ओळखावा, हे सारे त्यात आहे. आणि ‘काटली, काटली’ म्हणून ओरडणारा प्रेक्षकही आहे. मात्र या प्रेक्षकाला दिसते ते वरचे टोक. खालचे टोक कोणाच्या गळ्याशी आले हे त्याला दिसत नाही. २०२३ च्या संक्रांतीला भिवंडीतच दुचाकीवरून जाणाऱ्या एका गृहस्थाचा मांजाने गळा चिरून मृत्यू झाला. तो ना पतंग उडवीत होता, ना पाहत होता. शोरॅमच्या हमरस्त्यावरील माणसे आणि भिवंडीच्या रस्त्यावरील हा माणूस यांच्यात सातएक हजार किलोमीटरचे अंतर असेल, पण त्यांच्या मरणाचे कारण एकच आहे: वरच्या खेळाच्या नियमांत खालच्या माणसाची नोंद नव्हती.

नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली. त्यानंतरही दर जानेवारीत तो मिळतो, पकडला जातो, त्याच्या बातम्या येतात आणि पुढच्या जानेवारीत पुन्हा मिळतो. पोलिसांनी चार फिरक्या जप्त केल्याने हे थांबणार नाही. कारण मांजा विकला जातो तो टाळीसाठी. समोरच्याचा पतंग कापला जाणे हेच ज्या खेळात सर्वस्व आहे, तेथे अधिक धारदार दोरा घेणाऱ्यालाच प्रेक्षक विजयी ठरवणार. प्रेक्षकाची आवड बदलल्याशिवाय दोरा बदलणार नाही.

येथेच हवाई कसरतींच्या स्पर्धेची शिकवण उपयोगी पडते. त्या खेळानेही भीतीला आणि जवळीकीला मिळणारी टाळी नाकारून रेषेच्या सफाईला गुण दिले, रिंगण आखले, ते वस्तीपासून दूर ठेवले, मर्यादा ओलांडणाऱ्याला, तो कितीही कुशल असला तरी, मागे टाकले. पतंगालाही हे करता येण्यासारखे आहे. २०११ च्या जनगणनेत सात लाखांहून अधिक लोकसंख्या असलेल्या या शहरात, गच्च्या आणि उड्डाणपूल सोडून, एखाद्या मोकळ्या मैदानावर महापालिकेने व शाळांनी मिळून पतंगांची स्पर्धा भरवावी. दोरा साधा सुती असावा. पतंग कापण्याला गुण नसावेत; आखलेल्या हद्दीत पतंग किती वेळ स्थिर राहिला, सांगितलेली वळणे त्याने किती अचूक घेतली, यांना असावेत. परीक्षक म्हणून शिक्षक बसावेत, आणि दहातून वजाबाकी कशी होते हे फळ्यावर सर्वांना दिसावे. पहिल्या वर्षी मुले नाके मुरडतील, हे उघड आहे. पण कोणतीही जाण एका हंगामात तयार होत नसते.

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी याहून पुढची पायरी आहे. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई विभागात विमानांच्या प्रतिकृती बनविणे व उडविणे हा शिक्षणाचा भाग आहे. प्रतिकृती-विमानांच्या कसरतींच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धाही आहेत, आणि त्यांतही आकृती व गुण यांचीच पद्धत चालते. हातभर लांबीचे विमान उडवून पाहिलेल्या मुलाला वर्तुळाच्या माथ्यावर वेग का मंदावतो हे पुस्तकातून सांगावे लागत नाही. भौतिकशास्त्राच्या तासाला केंद्राभिमुख बल शिकविणाऱ्या शिक्षकाला याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

राहता राहिली मोठी प्रदर्शने. ती मुंबईत होतील, नागपूरला २०२२ मध्ये झाली तशी इतरत्रही होतील. त्यांच्या संयोजकांकडून नागरिकांनी काही गोष्टी आधीच मागून घेतल्या पाहिजेत. कार्यक्रमाची वेळ उन्हाची तीव्रता पाहून ठरावी. पाणी, सावली, प्रथमोपचार आणि बाहेर पडण्याचे मार्ग यांचा नकाशा आठवडाभर आधी वर्तमानपत्रांत यावा. परतीच्या गाड्यांची संख्या येणाऱ्या गर्दीच्या अंदाजाने वाढवावी. भिवंडीसारख्या थेट लोकल नसलेल्या गावांसाठी ठाणे व कल्याण येथून रात्रीच्या एसटी गाड्या सोडाव्यात. कोणती कसरत केव्हा होणार आणि तीत काय पाहावे याचे दोन पानी मराठी पत्रक प्रत्येक शाळेत पोहोचावे. आणि उड्डाणमार्गाखाली कोणती वस्ती येते, कोणता रस्ता येतो, हेही सांगितले जावे. यांतील एकही मागणी अवाजवी नाही, आणि एकीलाही विमानाच्या एका उड्डाणाइतका खर्च यावयाचा नाही.

अशा मागण्या करण्याचा अधिकार प्रेक्षकाला आहे; कारण तो पाहुणा नसून या साऱ्याचा खर्च करभरणीतून सोसणारा नागरिक आहे. मात्र तो अधिकार बजावण्यासाठी त्याने आधी काय पाहिले हे त्याला सांगता आले पाहिजे. पुढच्या खेपेस भिवंडीहून मरीन ड्राइव्हवर गेलेल्या एखाद्या विद्यार्थ्याने परत येऊन वर्गात सांगितले की, वर्तुळ माथ्यावर थोडे आवळले होते, पण विमाने एकदाही गर्दीच्या माथ्यावरून गेली नाहीत आणि पिण्याचे पाणी मात्र तीन फर्लांगांवर होते, तर त्याने आकाश आणि जमीन दोन्ही नीट पाहिली असे खुशाल समजावे.